मालनच्या अंगात काही येत नाही

शुद्ध यायच्या आधी मालनला राग आला.

आपण कोण, कुठे पडलोय, सकाळ आहे की दुपार, यातलं काही कळायच्या आतच नाकात चामड्याचा आणि पायाच्या घामाचा वास भरला आणि तिच्या छातीत काहीतरी पेटलं. तिनं हात उगारायला घेतला. हात उठला नाही. मग हळूहळू गिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या मशीनांची घरघर कानात आली, बायकांची कुजबुज आली, आणि डोळ्यांपुढे एक फाटकी चप्पल दिसली. मशीनांना तेल घालणारा माणूस उकिडवा बसून ती चप्पल तिच्या नाकाशी धरून होता. भलं करतोय असा चेहरा करून.

"काढ ती," मालन म्हणाली. जीभ दातांखाली सापडून फाटली होती, त्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. त्याला वाटलं, बाई अजून बरळतेच आहे. त्यानं चप्पल आणखी जवळ नेली.

तेव्हा मात्र तिचा हात उठला. चप्पल उडून मशीनखाली गेली.

भोवती जमलेल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. शेजारच्या मशीनवरची चंपा तेवढी जवळ होती. तिनं सुताच्या गोणीचं एक रिकामं बारदान मालनच्या कमरेवर टाकलं, आणि त्यावरून मालनला कळलं की आपलं लुगडं ओलं झालं आहे आणि ते सगळ्या खात्यानं पाहिलं आहे. खात्याचा मास्तर टेबलापाशी उभा होता. तो ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "हात मशीनमध्ये गेला असता म्हणजे? हिला घरी पाठवा."

मालन इतकी वर्षं या खात्यात कायम होती आणि इतक्या वर्षांत ती कधी कुणासमोर पडली नव्हती. फिट तिला येत नव्हती असं नाही. येत होती. पण ती यायच्या आधी तिला खबर मिळे. डाव्या हाताचा अंगठा आपोआप आत ओढला जाई आणि तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव येई. त्यानंतर थोडा अवधी मिळे. तेवढ्यात ती चंपाला खूण करी, खात्याच्या टोकाला रिकाम्या टोपल्यांची थप्पी होती तिच्या मागे जाई, जमिनीवर कुशीवर निजे आणि होईल ते होऊ देई. चंपा तिचं मशीन सांभाळी. तुटलेल्या सुताला गाठी मारी. बायकांवर देखरेख करणारी नाईकीण विचारायला आली तर मालन बाहेर गेलीय, म्हणे. उठल्यावर मालन नळावर तोंड धुई आणि परत जागेवर येऊन उभी राही. डोकं दुखून फुटायला आलेलं असे, पण बोटं चालत. महिना महिना, कधी दोन दोन महिने काही होतही नसे, कारण परळच्या मोठ्या हॉस्पिटलातून आणलेली गोळी ती रोज जेवणानंतर घेई. ती गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या जानेवारीत गोळी चुकली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. लालबागला, परळला गोळीबार झाला. कर्फ्यू लागला. मालनच्या डबीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा वरळीच्या चाळीतून खाली उतरणाऱ्या माणसावर पोलीस बंदूक रोखत होते, तिथे ती हॉस्पिटल कशी गाठणार? तिच्या सासूनं, कमळाबाईनं, तरी पदर खोचला होता. म्हातारीला काय करतील, म्हणाली. मालननं तिला दारातूनच मागे ओढलं. पुढे कर्फ्यू उठला, गिरणीचा भोंगा झाला, आणि खाडा नको म्हणून ती हॉस्पिटलात जायच्या आधी कामावर गेली. अंगठा ओढला गेला तेव्हा ती तुटलेलं सूत शोधत होती. या वेळी अवधी मिळालाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी खात्यात आली तर तिच्या मशीनवर दुसरीच उभी होती. मास्तरच्या गावाकडची मुलगी. बदलीवर ती बरीच वर्षं जागा रिकामी व्हायची वाट बघत होती. मालननं तिला ओळखलं, पण तिला त्या मुलीचा राग आला नाही. राग आला तो मास्तरच्या आवाजाचा. तो फार गोड बोलत होता. तुझ्याच भल्यासाठी आहे, म्हणाला. घरी बस, विश्रांती घे, मॅनेजरसाहेबांशी बोलून सोमवारी काय ते सांगतो. काल चपलेनं शुद्धीवर आणलं आणि आज विश्रांती घे म्हणतात. ती तशीच मागे वळली. बोलली असती तर हातात जे आलं असतं ते त्याच्या टेबलावर आपटलं असतं.

घरी बसणं तिला परवडणारं नव्हतंच, पण गोष्ट तेवढीच नव्हती. गिरणीतली कायमची जागा हे तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं एकच होतं. तिचं लग्न दौलतशी झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पहिलं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर महिन्याभरात पहिली फिट आली. दौलतनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी तो खोलीबाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला, आणि त्यानंतर काही दिवसांनी चिंचपोकळीला दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला गेला. आईला न्यायला आला होता. कमळाबाई गेली नाही. "तुझ्या घरात मला भाकर मिळंल रं," ती लेकाला म्हणाली होती, "पर मला हितंच बरं वाटतं." त्यानंतर सासू-सून दोघीच त्या खोलीत राहिल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोनाड्यात देव. हॉस्पिटलात मालन एकटी शोधत गेली होती. हा मेंदूचा आजार आहे, याचं नाव अपस्मार, यात भूत नाही आणि पापही नाही, असं तिथल्या एका डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. कमळाबाईचा डॉक्टरांवर अर्धा विश्वास बसला. रोजची गोळी ती आठवणीनं काढून हातावर ठेवी. आणि फिट आली की चप्पलही नाकाशी धरी. धरताना रडे. त्यामुळे मालनला तिच्यावर धड रागावताही येत नसे.

शुक्रवारी जाईबाई तिला रस्त्यात भेटली. जाईबाई म्हणजे वाइंडिंग खात्याची नाईकीण. रत्नागिरीकडची, धिप्पाड, आवाज मशीनावरून जाईल असा. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हे मास्तर तिला विचारूनच ठरवी. बायका तिला घाबरत. मालन हॉस्पिटलातून गोळ्या घेऊन परत येत होती. जाईबाईनं तिला एका बंद दुकानाच्या फळीपाशी थांबवलं आणि इकडेतिकडे बघून मुद्द्यालाच हात घातला.

"मालन गो, मी सांगते ते नीट ऐक. सोमवारी मॅनेजरसाहेब विचारील तेव्हा फिट म्हणू नको. अंगात येतं म्हण. तुमची मरीआई येते म्हण. खात्यातल्या बायका माझ्या ऐकण्यातल्या आहेत. देवीच्या बाईला काढली तर त्या कामाला हात लावायच्या नाहीत. मास्तरची काय टाप आहे मग?"

मालनला पहिल्यांदा वाटलं, ही थट्टा करते आहे. पण जाईबाईचा चेहरा गंभीर होता. ती मनापासून सांगत होती. तिनं हिशोबही केला होता: कोण नारळ आणील, कोण पहिल्यांदा पाया पडेल. साधा उपाय होता आणि तो चालला असता, हे मालनलाही कळत होतं. आजारी बाईला गिरणी काढून टाकते. देवीला काढून टाकायला कुणी धजत नाही.

"आणि मरीआईच का?" मालननं विचारलं. "तुमची महालक्ष्मी का नाही?"

जाईबाई ओशाळली नाही. तिला प्रश्नच कळला नाही. "ती कशी येईल तुझ्या अंगात?" ती सहज म्हणाली.

देवीसुद्धा तिनं मालनच्या वाट्याची निवडून आणली होती. मालन तिथून निघाली ती घर येईपर्यंत दातावर दात दाबूनच चालत राहिली.

शनिवारी ती शामरावांकडे गेली. शामराव म्हणजे गिरणीतले युनियनचे पुढारी. सरळ माणूस. लालबागला त्यांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रकांचे गठ्ठे, लाल-पांढरे बावटे, पोरं येत होती, जात होती. शामरावांच्या चाळीतला एक तरुण गोळीबारात गेला होता आणि शामरावांची दाढी तेव्हापासून वाढलेली होती. त्यांनी मालनला बसायला स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग कपाळ चोळत म्हणाले की, आत्ता सगळी माणसं एकत्र ठेवायची वेळ आहे. एका बाईच्या जागेसाठी मास्तरशी भांडण काढलं तर मालकांना निमित्त मिळेल. मुंबई मिळू दे, मग एकेक प्रश्न हातात घेऊ.

मालन बायकांच्या मोर्चात गेली होती. कमळाबाईही गेली होती, अनवाणी. दोघींचा घसा बसला होता.

"शामरावदादा," ती म्हणाली, "मोर्चात माणसं मोजताना मला धरता ना? मग आता वगळता का?"

शामरावांनी मान खाली घातली. बाजूला उभ्या असलेल्या एका पोरानं हातातला गठ्ठा तसाच धरून ठेवला. मालन उत्तरासाठी थांबली नाही. जिन्यावरून उतरताना तिला जाणवलं की आपण रडत नाही आहोत, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

रविवारी तिनं सासूला जाईबाईचं बोलणं सांगितलं. कमळाबाई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली की, म्हटलं तर काय बिघडतंय? पोटासाठी माणूस काय काय म्हणतो. मरीआई का कुठे विचारायला येणार आहे?

त्या दुपारी मालन जेवली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पहिल्या फिटनंतर गावाकडचा एक भगत आणला होता. त्यानं तिला ओल्या लुगड्यानिशी चुलीसमोर बसवून मिरच्यांची धुरी दिली होती आणि तू कोण आहेस, कुठून आलीस, म्हणून विचारलं होतं. ती खोकत खोकत सांगत होती, मी मालन आहे. तो म्हणत होता, खोटं बोलते. मी मालन आहे, असं तिनं किती वेळा सांगितलं असेल. शेवटी डोळ्यांची आग सहन होईना तेव्हा त्याला हवं होतं ते नाव तिनं सांगितलं. पिंपळावरची म्हणाली. तेव्हा कुठे त्यानं धुरी काढली. पिंपळावरची म्हणणारा तो आवाज तिला अजून ऐकू येत असे. तो तिचाच होता.

सोमवारी मॅनेजरसाहेब स्वतः खात्यात आले. मास्तरच्या टेबलापाशी खुर्ची टाकली होती. मशीनं चालू होती, पण बायका मशीनांवर नव्हत्या. जाईबाईनं आपलं काम चोख केलं होतं. बायका टेबलाभोवती गोळा झाल्या होत्या. एकीच्या हातात नारळ होता, दुसरीकडे उदबत्त्या. खात्यात उदबत्ती पेटवायला बंदी असल्यामुळे ती न पेटवताच धरून उभी होती. मास्तरचा चेहरा पडला होता. मॅनेजरसाहेबांना मराठी बेताचंच येत होतं. ये बाईला माताजी येते, असं कुणीतरी त्यांना समजावलं तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण ती आठी मालनसाठी नव्हती. काम बंद पडेल ह्याची होती.

मालन पुढे आली तशी पारू नावाची खात्यातलीच एक म्हातारी कामगारीण तिच्या पायाशी वाकली. ह्याच पारूनं मालन खात्यात नवी असताना तिनं हात लावलेल्या माठातलं पाणी ओतून दिलं होतं. आज तिचे सुकलेले हात मालनच्या पावलांवर टेकले.

मालननं पाय मागे घेतले.

"उठा पारूबाई," ती म्हणाली. मग तिनं सरळ मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, मशीनांवरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"माझ्या अंगात काही येत नाही. मला फिट येते. हा मेंदूचा आजार आहे. हॉस्पिटलात माझं औषध चालू आहे. कर्फ्यूत औषध मिळालं नाही म्हणून मी पडले. इतकी वर्षं मी ह्याच मशीनवर आहे. माझ्या कामात खोट निघाली असेल तर दाखवा. आणि परत कधी पडले तर मला कुशीवर निजवा आणि बाजूला व्हा. माझ्या तोंडाशी चप्पल आणायची नाही."

मशीनंच बोलत होती. नारळ धरलेल्या बाईनं नारळ पदराखाली घेतला. मालननं चंपाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिचं काम कसं होतं, ती कशी सांभाळून होती, हे सांगू शकेल अशी एकच बाई त्या खात्यात होती. चंपाच्या घरी आजारी नवरा होता आणि टोपल्यांमागची गोष्ट बाहेर आली असती तर तिच्यावरही आलं असतं. चंपानं नजर मशीनकडे वळवली आणि तुटलेलं नसलेलं सूत उगाच चाचपलं.

मॅनेजरसाहेब उठले. आता गोष्ट त्यांच्या आवाक्यातली झाली होती. मग मशीनवर तर नाहीच ठेवता येणार, असं ते मास्तरला म्हणाले, आणि निघून गेले. बायका पांगल्या. जाईबाई मालनच्या अंगावरून जाताना थांबली. "अक्कल नाही गो तुला," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण त्या रागात आणखी काहीतरी होतं. मालनला त्या वेळी त्याचा विचार करायला सवड नव्हती.

नोकरी अगदीच गेली नाही. शामराव दुसऱ्या दिवशी दाढी करून मॅनेजरसाहेबांकडे गेले. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मालनला वेस्ट खात्यात टाकलं. तळमजल्यावरच्या गोदामात, जिथे सगळ्या गिरणीचा सुताचा आणि कापसाचा कचरा येतो तिथे, बसून कचरा निवडायचा. पगार कमी झाला. मशीन नाही. बोटांना सुताची गाठ मारायची सवय होती, ती आता तेलानं माखलेला कापूस आणि चांगला कापूस वेगळा करू लागली. कापसाचे तंतू नाकातोंडात जात. डोक्यावरच्या छताला वरच्या वाइंडिंग खात्याची थरथर येई आणि त्यातली आपल्या मशीनची थरथर कोणती, हे ऐकायचा ती पहिले काही दिवस प्रयत्न करी. मग तिनं तो नाद सोडला. राग मात्र सुटला नाही. सकाळी भोंग्याबरोबर तो उठे आणि तिच्याबरोबर जिना न चढता गोदामात येई.

वेस्ट खात्यातल्या बाकीच्या बायका म्हाताऱ्या, विधवा, कुणाची बोटं गेलेली. मालननं पहिल्याच दिवशी त्यांना सगळं सांगून टाकलं. तिथे तिला दोनदा फिट आली. दोन्ही वेळा ती जागी झाली तेव्हा तिच्या डोक्याखाली कापूस होता आणि बायका आपापल्या जागी कचरा निवडत बसल्या होत्या. एक जण म्हणाली, उठलीस का, पाणी पी. एवढंच.

चंपा दुपारच्या सुट्टीत खाली येई. मालन तिच्याशी बोलत नसे. चंपा डबा घेऊन जरा दूर बसे आणि जेवून निघून जाई. असे बरेच महिने गेले. एकदा तिनं सुक्या बोंबलाची चटणी मालनच्या भाकरीवर ठेवली. मालन तेव्हाही बोलली नाही, पण तिनं चटणी खाल्ली.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर मालन आणि कमळाबाई रात्रीपासून उभ्या होत्या. तिथेच, त्या माणसांच्या समुद्रात, दोघींनी दीक्षा घेतली. घरी आल्यावर कमळाबाईनं कोनाड्यातले देव टोपलीत भरले आणि वरळीच्या समुद्रात सोडून आली. परत आल्यावर तिनं कोनाडा पुसला, आणि पुसता पुसता विचारलं की, आता तुला फिट आली तर मी काय करू? हातात काहीतरी धरल्याबिगर मला धीर निघत न्हाई.

"माझा हात धरा," मालन म्हणाली.

ते वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी दुपारी जाईबाई वरळीच्या चाळीत आली. ती कधी इकडे आलेली नव्हती. गॅलरीत उभी राहून ती मालनचं दार कोणतं ते विचारत होती. तिच्यामागे विशीतली एक मुलगी होती. हिरवी साडी, गळ्यात कवड्यांची माळ, आणि कपाळभर कुंकवाचा मळवट, भुवयांपासून केसांपर्यंत. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिंध्यांत गुंडाळलेला होता आणि चिंध्यांतून पिवळं पाणी झिरपत होतं.

"ही माझी बकुळा," जाईबाई म्हणाली.

लालबागच्या एका चाळीत मंगळवारी-शुक्रवारी कुणा मुलीच्या अंगात देवी येते, हे मालननं ऐकलं होतं. ती जाईबाईची लेक, हे तिला माहीत नव्हतं. खात्यात कुणालाच माहीत नव्हतं. जाईबाई दारातच बसली आणि तुटक तुटक सांगत गेली. न्हाण आल्यापासून हे सुरू झालं. आधी भगत झाला, मग कुणीतरी म्हणालं देवी आहे, मग लोक येऊ लागले. नारळ, खण, ओटी. देवीचं माणूस म्हणून लग्न केलं नाही. वाराच्या दिवशी आली तर ठीक. पण ती वार बघून येत नव्हती. परवा बकुळा सकाळी चहा करत होती आणि सरळ पेटत्या शेगडीवर पडली. घरात कुणी नव्हतं.

मालन ऐकत होती आणि तिच्या अंगाची लाही होत होती. ह्या बाईनं तिला रस्त्यात थांबवून जे करायला सांगितलं होतं ते हे होतं.

"मला हेच करायला सांगत होता तुम्ही," ती म्हणाली.

"मला तेवढंच माहीत होतं," जाईबाई म्हणाली. खात्यात मशीनांवरून जाणारा तिचा आवाज त्या खोलीत कमळाबाईपर्यंतही नीट पोचला नाही.

मालनला दार लावून घ्यावंसं वाटलं. तिची जागा गेली होती. तिच्या नावानं नारळ आणले गेले होते. ती ह्या बाईचं काही देणं लागत नव्हती. पण बकुळा दुखरा हात पोटाशी धरून उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. कुणी काही विचारेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

"उद्या सकाळी परळला," मालन म्हणाली. "लवकर या. खाडा होईल तुमचा."

"होऊ दे," जाईबाई म्हणाली.

सोमवारी हॉस्पिटलच्या आवारात बाहेरपर्यंत रांग होती. मालन पुढे, मध्ये बकुळा, मागे जाईबाई. ऊन चढत होतं. मालनला सगळ्याचाच राग येत होता: रांगेचा, कामाच्या बुडालेल्या पाळीचा, बकुळाचा मळवट बघून हात जोडणाऱ्या एका माणसाचा. त्याला तिनं हटकलं. मग ती बकुळाला समजावू लागली. डॉक्टर विचारतील ते लाजू नको. जीभ चावते का, कपडे ओले होतात का, सगळं सांग. औषध रोज घ्यायचं. त्यानं कदाचित सगळं थांबणार नाही, पण कमी होईल. झोप नीट घ्यायची. शेगडीपाशी एकटीनं बसायचं नाही. बकुळा मान हलवत होती.

"यायच्या आधी तुला काय होतं?" मालननं विचारलं.

बकुळानं तिच्याकडे पाहिलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"एका डोळ्यापुढे पिवळं पिवळं होतं," ती म्हणाली. "मला भीती वाटते. लोक हात जोडून म्हणतात, आई ये, ये. मी आतल्या आत म्हणत असते, येऊ नको."

जाईबाईनं ते ऐकलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि रस्त्याकडे तोंड केलं.

रांग हलत नव्हती. आवारात भिंतीला लागून एक नळ होता. बकुळा रांगेतून निघाली आणि तिकडे गेली. पाणी प्यायला गेली असेल असं मालनला वाटलं. पण ती वाकली आणि चांगल्या हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन कपाळावर मारू लागली. कुंकू चिवट होतं, रोजच्या रोज थरावर थर दिलेलं. तिनं नखांनी खरवडलं. लाल पाणी नाकावरून, हनुवटीवरून ओघळलं, हिरव्या साडीवर सांडलं आणि तिच्या पायांखालून गटाराकडे गेलं. रांगेतल्या बायका बघत राहिल्या. एक जण चुकचुकली.

जाईबाई झटकन पुढे झाली. मालनला वाटलं, आता ही पोरीला मारते. तीही मागोमाग गेली, मध्ये पडायच्या तयारीनं. पण जाईबाई नळाशी जाऊन नुसती उभी राहिली. बकुळानं तोंड वर केलं. मळवटाखालचं कपाळ पांढरं पडलं होतं, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ, लहान मुलाचं असावं तसं. जाईबाई त्या कपाळाकडे बघत राहिली. मग तिनं पदर घेतला आणि कानापाशी राहिलेला लाल ओघळ पुसला. जोरात पुसला, दोनदा, तीनदा, तो गेल्यावरही.

पलीकडून कुणीतरी रांग सरकल्याचं सांगितलं. मालन आपल्या जागेवर परत जाऊन उभी राहिली, आणि मागून घुसू पाहणाऱ्या एका बाईला तिनं हात आडवा धरून सांगितलं, "इथे आणखी दोघी आहेत."